देखरेखीखालची भेट: न्यायालयाच्या बालसंकुलात की बाहेर?

घटस्फोटाच्या किंवा ताब्याच्या दाव्यात अंतरिम अर्ज, म्हणजे निकालाआधीच्या तात्पुरत्या आदेशासाठीचा अर्ज, करताना पालक इथेच अडतात: मुलाची भेट कौटुंबिक न्यायालयाच्या बालसंकुलात (न्यायालयातल्या मुलांच्या भेटीच्या जागेत) मागायची, की बागेत, दोघांना मान्य नातेवाइकासमोर?

खरा फरक नोंदीचा. बालसंकुलात नोंदवहीवर वेळ आणि सही राहते, शिवाय न्यायालय समुपदेशकाचा अहवाल मागवू शकतं. "मूल आणलंच नाही" यावर मग वाद उरत नाही. बाहेर पुरावा म्हणजे व्हॉट्सॲपचे मेसेज, आणि आत्या असो वा मामा, शेवटी कुणाच्या तरी बाजूचे.

मुलाच्या बाजूने पाहिलं तर उलट. चार वर्षांचं पोर न्यायालयाच्या गर्दीत बुजतं, घसरगुंडीवर लवकर रुळतं. शाळा आणि रजाही सांभाळावी लागते. खर्च दोन्हीकडे थोडाच; बाहेर कोर्ट कमिशनर (भेटीवर देखरेखीसाठी न्यायालयाने नेमलेली व्यक्ती) नेमला तर फी कोण देणार हे आदेशातच यायला हवं.

भेटी फिसकटतात त्या बहुधा मोघम आदेशामुळे. "महिन्यातून दोनदा" पुरत नाही. "पहिला व तिसरा शनिवार, ११ ते १, मूल कोण आणणार, आजारी पडल्यास पुढचा शनिवार" असं लिहून घ्या. व्हिडिओ कॉलही मागा. यशिता साहू प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने रोज ५ ते १० मिनिटं बोलण्याचा हक्क मान्य केला आहे.

मारहाण, व्यसन, मूल पळवण्याची भीती किंवा दीर्घ दुरावा असेल तर बालसंकुलच. भांडण फक्त नवरा-बायकोचं असेल, तर बाहेर. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६खालचा आदेश पुढे बदलूनही मिळतो.