कामावर घसरून पडल्यास ईएसआयसी: अपघात लाभ चांगला, पण नोंद नीट हवी

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या विमाधारक कामगारासाठी अपघात लाभ ही ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विमा महामंडळाची) सर्वांत भक्कम सेवा आहे. दवाखान्यातल्या रांगांच्या तक्रारी खऱ्याच, पण तेल सांडलेल्या शॉपफ्लोअरवर किंवा कँटीनच्या ओल्या फरशीवर घसरून मनगट मोडलं, तर एवढं संरक्षण देणारी दुसरी योजना या पगारात मिळत नाही.

कामावर लागून पहिलाच दिवस असला तरी हक्क लागू होतो. किती महिने वर्गणी भरली हे पाहत नाहीत. उपचारखर्चाला मर्यादा नाही. डॉक्टर कामाला योग्य असल्याचा दाखला देईपर्यंत पगाराच्या ९० टक्के पैसे खात्यात येतात. १८,००० पगाराला दिवसाचे साधारण ५४०. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बंद असायला हवं.

घोळ होतो तो नोंदीत. सुपरवायझर सांगतो, ‘घरी पडलो म्हण, दवाखान्याचं आम्ही बघतो.’ तसं म्हटलं की प्रकरण आजारपण लाभात जातं: ७० टक्के, म्हणजे ५४० ऐवजी ४२०, तेही वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस आणि त्यासाठी सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी लागते. सर्वांत मोठं नुकसान पुढचं आहे. मनगट कायमचं आखडलं तरी अपंगत्वाचं मासिक वेतन मिळत नाही.

म्हणून केसपेपरवर ‘कामाच्या ठिकाणी पडून दुखापत’ असं वेळ आणि जागेसह लिहून घ्या. अपघात नोंदवहीत नोंद करायला लावा. मालकाने फॉर्म १२ (अपघाताचा अहवाल) चोवीस तासांत भरायचा असतो, त्याची प्रत मागा. टाळाटाळ झाली तर स्वतः लेखी कळवा, एक प्रत ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात देऊन पोच घ्या. जागेचा फोटो आणि साक्षीदारांची नावं त्याच दिवशी घ्या, कारण फरशी तासाभरात पुसली जाते. ठेकेदाराने नोंदणीच केली नव्हती, म्हणून हक्क बुडत नाही. महामंडळ लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं.

कायमचं अपंगत्व वैद्यकीय मंडळ ठरवतं. २० टक्के ठरलं, तर वरच्याच पगारावर दिवसाला १०८ रुपये, आयुष्यभर, नोकरी चालू असली तरी. सेवेची कमजोर बाजू इथे आहे: सांधा किती वळतो याचे कागद नसले की टक्केवारी कमी लागते. एक्स-रे, डिस्चार्ज आणि फिजिओथेरपीच्या सगळ्या नोंदी सोबत न्या. निर्णय पटला नाही तर तीन महिन्यांत अपील करा.

विमाधारकाला याच दुखापतीसाठी मालकाकडे वेगळी भरपाई मागता येत नाही. ईएसआयसीबाहेरच्या कामगाराला मात्र तोच मार्ग. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याची जागा आता सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, दावा दोन वर्षांत करायचा. कायमच्या अंशतः अपंगत्वाचा हिशोब असा: पगाराचे ६० टक्के, गुणिले वयाचा गुणांक (कायद्यातल्या तक्त्यात वयानुसार दिलेला आकडा), गुणिले कमाईक्षमतेतली घट. १५,००० पगार, वय ३० (गुणांक २०७.९८) आणि घट २० टक्के, तर ३,७४,३६४ रुपये. ‘पन्नास हजार घे आणि सही कर’ असा कागद पुढे आला, तर आधी हा हिशोब मांडून पाहा. हक्क सोडून देणारा करार कायद्यापुढे टिकत नाही.