आठ महिन्यांत तीनदा ‘वॉचमेन’

दिवाळीच्या बोनसमधून घेतलेलं ‘वॉचमेन’ हे इंग्रजी कॉमिक परवा तिसऱ्यांदा वाचून संपलं. उडणारे वीर आणि ढिशुम-ढिशुम हवं असेल तर हे घेऊ नका. मी त्याच आशेनं घेतलं, चार रात्रींत पळवलं, खुनी कोण ते कळलं आणि पुस्तक गेलं कपाटावर.

ॲलन मूरचं लेखन, डेव्ह गिबन्सची चित्रं, जॉन हिगिन्सचे रंग. १९८६-८७मध्ये बारा सुट्या अंकांत आलेली ही गोष्ट १९८५च्या वेगळ्याच अमेरिकेत घडते. व्हिएतनाम अमेरिकेनं जिंकलंय, निक्सन अजून खुर्चीत, आणि सरकारी नोकरीतले सोडले तर मुखवटेवाल्या वीरांवर १९७७पासून बंदी. अचाट शक्ती एकट्या डॉक्टर मॅनहॅटनकडे. बाकीची आपल्यासारखीच माणसं, एकाचं तर पोटही सुटलेलं.

दुसऱ्यांदा हात लावला तो आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत. पोरं आकाशपाळण्याला घेऊन गेलेली, घर शांत. प्रकरणांच्या शेवटी नुसत्या मजकुराची पानं आहेत (आत्मचरित्राचे तुकडे, पोलिसांचे कागद वगैरे), ती पहिल्यांदा सरळ उलटली होती. या वेळी वाचली आणि निम्मी माणसं नव्यानं भेटली. चौथ्या प्रकरणाशी मात्र अडकलो. घड्याळजीचा मुलगा घड्याळ खोलून बसलाय. बाप हिरोशिमाची बातमी वाचून येतो आणि सुटे भाग खिडकीतून फेकून देतो, आता पोरानं अणुविज्ञान शिकावं म्हणून. ती इवली चाकं हवेत पडतानाचं चित्र मी किती वेळ बघत बसलो कोण जाणे. तोच मुलगा पुढे मॅनहॅटन होतो. त्याला मागचं-पुढचं सगळं एकदमच दिसतं, म्हणून गोष्टही तशीच मागेपुढे उड्या मारते.

तिसरं वाचन अप्पांमुळे. अप्पांनी उभी हयात चादरीच्या कारखान्यात काढली, जकार्ड मागावर विणायची डिझाइनं ग्राफ पेपरवर काढण्यात. इंग्रजीचा गंध नाही. एप्रिलात, उकाड्यानं झोप नाही म्हणून पुस्तक चाळत होते. म्हणाले, “वाचायलास का नुसतंच पानं उलटायलास? हे मधून उलटलंय की! आरसा धरलाय बघ.”

पाचवं प्रकरण होतं. त्याचं इंग्रजी नावच सममितीवर आहे, पहिल्याच पानावर डबक्यात पाटीचं प्रतिबिंब आहे, आणि दोन वाचनं करून माझ्या डोक्यात काही पेटलं नव्हतं. अठ्ठावीस पानांचं प्रकरण, बरोबर मध्ये चौदा-पंधराची जोडी. अप्पांनी एक बोट पहिल्या पानावर ठेवलं, एक शेवटच्या, आणि आत सरकत आले. चौकटींची मांडणी इकडे तशीच तिकडे, फक्त उलटी. “आम्ही अर्धाच ग्राफ काढायचो, उरलेला उलटा फिरवायचा. ह्यानं गोष्टीत केलंय म्हण की.” मग मी बाकीची प्रकरणंही चौकटी मोजत वाचली. बहुतेक पानांचा पाया नऊ चौकटींचा, तीन गुणिले तीन. जिथं मोडतो तिथं कारण असतं. विचारांचे ढगाळ फुगे नाहीत, ‘धाड-धूम’ची अक्षरं नाहीत. माणसाच्या मनात काय चाललंय ते चेहऱ्यावरूनच ओळखायचं.

खटकलेलंही आहे. बायकांच्या वाट्याला पुरुषांभोवती फिरण्यापलीकडे फारसं येत नाही, आणि सॅली या जुन्या मुखवटेवालीवरच्या अत्याचाराचा गुंता ज्या तऱ्हेनं सोडवलाय तो मला तिसऱ्यांदाही पटला नाही. मध्ये मध्ये येणारी चाच्यांची गोष्ट पहिल्यांदा कंटाळा आणते. ती गाळू नका, शेवटाकडे तिची गरज लागते. रॉर्शाक या मुखवटेवाल्याची डायरी तुटक इंग्रजीत आहे. मला सुरुवातीला वाक्याचा कर्ताच सापडेना.

आता वस्तू म्हणून. ऑनलाइन मागवलेलं, एक कोपरा दुमडूनच आलं. बदलून द्या म्हटलं तर विक्रेत्यानं तीन वेळा फोटो मागवले आणि मग गप्पच. अक्षर बारीक, माझ्यासारख्या चष्मेवाल्यानं ट्यूबलाइटखालीच बसावं. कागद आणि रंग उत्तम, जांभळा-नारिंगी अजून ताजा. पेपरबॅकची चिकटवलेली बांधणी मात्र सोलापूरच्या उन्हाळ्यापुढे टिकली नाही. मे महिन्यात डिंक सुटायला लागला, आणि त्यात अप्पा शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवायला एकच जोडपान दाबून सपाट करत राहिले. पुस्तक फाटलं ते नेमकं चौदा-पंधरावर.

सुताने शिवून देतो म्हणतायत. दाभण, दोरा काढून ठेवलाय. मी दोन दिवस टाळतोय.