खान्देशातल्या उन्हात डेक कशाचा? सागवान, पाइन, थर्मोवुड आणि डब्ल्यूपीसी

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि वर्षभरात पाऊस पडतो जेमतेम सातशे मिलिमीटर. डेकिंगची, म्हणजे उघड्यावर सांगाड्यावर फळ्या ठोकून केलेल्या जमिनीची, बहुतेक माहितीपत्रके मात्र पाऊस, बुरशी आणि बर्फ यांचीच धास्ती घालतात, कारण ती थंड, ओल्या देशांतल्या गिऱ्हाइकांना डोळ्यापुढे ठेवून लिहिलेली असतात. आपल्याकडे डेक खराब होतो तो उन्हाने, कोरड्या हवेने आणि वाळवीने, म्हणजे आपल्या उधईने. गच्चीवर, शेतातल्या घरापुढे किंवा हायवेवरच्या हॉटेलात डेक घालायचा असेल, तर माल याच तिघांशी ताडून पाहावा.

उघड्यावरच्या लाकडातला ओलावा एप्रिल-मेमध्ये ५-६ टक्क्यांवर उतरतो, ऑगस्टमध्ये १६-१७ टक्क्यांवर चढतो. या फरकाने सागाची चार इंची फळी रुंदीत सुमारे २ मिलिमीटर आकसते किंवा फुगते, पाइनची तेवढीच फळी अडीच ते तीन. डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांचे मिश्रण, रुंदीत फारसे हलत नाही. ते उन्हाने लांबीत वाढते. तीन मीटरची फळी हिवाळ्यातल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत सहा-सात मिलिमीटर लांब होते. डेक उचकटण्याच्या बऱ्याच तक्रारींमागे फळ्यांमध्ये चुकीची फट ठेवलेली असते.

सागवान

वखारीत ‘सागवान’ या एकाच नावाखाली चार वेगळे माल मिळतात. सातपुड्यातला आणि नवापूर-तळोदा पट्ट्यातला वनखात्याच्या डेपोचा साग हा पहिला. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केल्यावर जास्त दिसू लागलेला आफ्रिकेतल्या आणि लॅटिन अमेरिकेतल्या लागवडींचा साग हा दुसरा. शेताच्या बांधावर लावून १२-१५ वर्षांत तोडलेला तिसरा, आणि जुन्या वाड्यांतून निघालेला चौथा.

सागाची ख्याती त्याच्या गाभ्याची आहे. कडेचा पांढरट-पिवळसर भाग उधई इतर कोणत्याही हलक्या लाकडासारखाच खाते. बांधावरच्या कोवळ्या सागात आणि कमी घेराच्या आयात ओंडक्यात हा भाग भरपूर असतो. म्हणून भाव ठरवताना ‘गाभ्याचा माल, एकाही फळीला पांढरी कड नको’ हे बिलावर लिहून घ्यावे. डेपोचा माल घेताना वाहतूक परवान्याची प्रतही मागावी.

जुन्या वाड्याचा साग डेकसाठी सर्वांत चांगला, असे आमचे ठाम मत आहे. तो पन्नास-शंभर वर्षे वाळलेला असतो, त्यामुळे वाकत-पिळत नाही. पण धाब्याच्या घरातून निघालेल्या लाकडाची मातीला टेकलेली बाजू आणि भिंतीत गाडलेली टोके हातोडीने ठोकून पाहावीत. पोकळ आवाज आला तर तेवढा तुकडा कापून टाकावा. आत मोडलेले खिळे असतात. लोहचुंबक फिरवून ते आधी काढले नाहीत, तर आरा मशीनचे पाते तुटते आणि त्याचे पैसे गिऱ्हाइकाच्या माथी येतात.

हिशेब सोपा आहे. एका घनफुटातून एक इंच जाडीचे १२ चौरस फूट निघतात. २०० चौरस फुटांच्या डेकला १७ घनफूट, कापाकापीची घट धरून २०. जुन्या तुळया चिरून घेत असाल तर पाव ते एक तृतीयांश जास्त धरा. रंधा मारल्यावर इंची फळी २२ मिलिमीटरच्या आसपास उरते. फळ्यांखालच्या सांगाड्याचे आडवे पाइप ४० सेंटिमीटरवर असतील तर ती पुरेशी आहे.

देखभालीला तेल लागते: पहिल्या वर्षी दोन हात, एक पावसाळ्याआधी आणि एक दिवाळीनंतर, मग दरवर्षी एक. तेल न लावल्यास साग राखाडी होतो, पण कुजत नाही. व्हार्निश मात्र लावू नये. आपल्या उन्हात त्याचे पापुद्रे एक-दोन वर्षांत सुटतात आणि सगळा डेक घासून काढावा लागतो.

पाइन

स्वस्त असतो, पण त्यात एक मोठी चूक होते. न्यूझीलंडहून कांडल्याला उतरणारा बराचसा पाइन पेट्या आणि पॅकिंगसाठी चिरला जातो आणि त्यावर कसलीही प्रक्रिया नसते. तोच माल डेकला वापरला तर उधईला आयते खाणे. दाब देऊन औषध मुरवलेलाच पाइन घ्यावा. न्यूझीलंडच्या मानकात उघड्यावरच्या पण जमिनीपासून उचललेल्या कामाला एच३.२ आणि मातीला टेकणाऱ्या कामाला एच४ हा शिक्का असतो. फळी कापली की आतला कच्चा भाग उघडा पडतो, म्हणून प्रत्येक कापलेल्या टोकाला औषधाचा हात लावणे भागच आहे. औषधात तांबे असेल तर साधे स्क्रू गंजतात. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे वापरा. उघड्या गच्चीपेक्षा छताखालच्या ओसरीला पाइन ठीक.

थर्मोवुड

ॲश हे परदेशी लाकूड किंवा पाइन १८५ ते २१५ अंशांवर भाजून काढतात. त्यामुळे लाकूड ओलावा कमी शोषते आणि त्याची हालचाल जवळपास निम्म्यावर येते. आपल्या हवेला हा गुण फार मोलाचा. पण भाजल्याने बुरशी दूर राहते, उधई नाही. शेतातल्या जमिनीलगतच्या डेकला आम्ही ते सुचवणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीला जरूर. लाकूड ठिसूळ होते, त्यामुळे आधी भोक पाडल्याशिवाय स्क्रू मारला की टोक चिरते.

डब्ल्यूपीसी

सगळ्यात जोरात वाढलेला आणि सगळ्यात जास्त चढाओढीचा बाजार हाच. अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती वापरातून सीसीए हे आर्सेनिकयुक्त औषध मुरवलेले लाकूड बाहेर गेले आणि या फळ्यांना आणखी मोकळे रान मिळाले. पहिल्या पिढीच्या उघड्या फळ्यांवर डाग आणि बुरशी आल्यावर वरून प्लॅस्टिकचे कवच चढवलेल्या फळ्या आल्या. आपल्या बाजारातला स्वस्त माल अजून बहुतांशी पहिल्या पिढीचाच आहे: बिनकवचाचा आणि पोकळ. भाव पाडण्यासाठी पोकळीच्या भिंती पातळ करणे हा या चढाओढीतला सोपा मार्ग, म्हणून वजन करूनच घ्या. १४० बाय २५ मिलिमीटरची भरीव फळी मीटरमागे साडेचार किलोच्या आसपास भरते. दाराच्या चौकटींसाठी मिळणारी हलकी फोमची फळी डेकला चालत नाही.

प्लॅस्टिक आणि ऊन यांचे नाते जळगावकरांना वेगळे सांगायला नको. इथल्याच कारखान्यांत बनणारी चटई अंगणात उन्हात टाकली की काही काळाने तिची काडी हाताने मोडते. अतिनील किरण अडवणारे द्रव्य कमी पडले तर डब्ल्यूपीसीचेही तेच होते: आधी रंग उडतो, मग पृष्ठभाग खडूसारखा सुटतो. ऐन उन्हात गडद फळी इतकी तापते की प्लॅस्टिक मऊ पडून दोन पाइपांमध्ये झोल येतो. खालचे पाइप ३० सेंटिमीटरवर ठेवा असे कंपन्या सांगतात. इथे २५ ठेवावेत. रंग फिकाच घ्यावा. कॉफी किंवा कोळशासारख्या रंगावर दुपारी अनवाणी पाय टेकत नाही, आणि उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्या घरात हा मुद्दा लहान नाही.

नमुन्याची फळी मेमध्ये दोन विटांवर ठेवून मधोमध ५० किलोचे पोते दुपारभर ठेवा. संध्याकाळी पोते काढल्यावर फळी सरळ झाली नाही तर तो माल घेऊ नका.

मग कुठे काय?

दिवसभर ऊन खाणाऱ्या गच्चीवर, आणि दरवर्षी तेल लावायला माणूस असेल तर, जुना साग. तो नसेल तर फिक्या रंगाची, कवच असलेली, भरीव डब्ल्यूपीसी. शेतात काळ्या मातीवर डेक करताना मालापेक्षा पाया महत्त्वाचा: ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम लागेपर्यंत खोदून काँक्रीटचे ठोकळे भरा, त्यावर गॅल्व्हनाइज्ड पाइपचा सांगाडा. लाकूड मातीला कुठेच टेकता कामा नये. गच्चीवर स्लॅबला भोके पाडू नका, वॉटरप्रूफिंग जाते. पाइपाखाली रबरी पॅड द्या, उतार शंभराला एक ठेवा, आणि पाणी जाण्याच्या तोंडावरची फळी उचलता येईल अशी बसवा.

फटीचे गणित बसवण्याच्या महिन्यावर ठरते. लाकूड मेमध्ये बसवाल तर फळ्यांमध्ये ५-६ मिलिमीटर, कारण पावसात ते फुगणार. ऑगस्टमध्ये ३ पुरते. डब्ल्यूपीसीचे उलटे: जानेवारीच्या सकाळी टोकाला ७-८ मिलिमीटर सोडा, मेच्या दुपारी २-३. भाव विचारताना पाइप, फळ्या पकडणाऱ्या क्लिप, स्क्रू आणि मजुरी धरून चौरस फुटाचा दर मागा, आणि त्याच खेपेतल्या चार-पाच फळ्या जास्तीच्या घेऊन सावलीत सपाट रचून ठेवा. पुढच्या खेपेचा रंग जुळत नाही.