मनगटाचं दुखणं: तेलाचा मसाज की फिजिओचा?

दिवसभर कीबोर्ड आणि माउस चालवणाऱ्याचं मनगट का दुखतं, हे वेगळं सांगायला नको. बाम, पट्टा, गोळ्या झाल्या की गाडी मसाजवर येते. माझं काम डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावायचं; टायपिंग इनस्क्रिप्ट या देवनागरी कळफलकावर. ख, घ, ध, भ सगळे शिफ्ट दाबून, म्हणजे डाव्या करंगळीला उसंत नाही, आणि उजवा हात माउसला बांधलेला. आयुर्वेदिक केंद्र आणि फिजिओथेरपिस्ट, दोन्हीकडचे मसाज मी बरेच दिवस घेतले आहेत.

आयुर्वेदिक केंद्रातला प्रकार सुखाचा, खोटं कशाला बोलू. कोमट महानारायण तेलानं कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात चोळतात, मग निर्गुंडीच्या पानांच्या गरम पोटलीनं शेकतात. अंगठ्याच्या बुडाशी धरलेला ताठरपणा पोटलीनं जितका सैल पडतो, तितका दुसऱ्या कशानं पडल्याचं मला तरी आठवत नाही. रात्री झोपही छान लागते.

फिजिओकडे सुख शोधायला जाऊ नये. तिथल्या मॅडमनी पहिल्या दिवशी मनगटाला जेमतेम हात लावला. बोटं हलवणारे बरेचसे स्नायू कोपराखालच्या मांसल भागात असतात, मनगटातून जातात त्या त्यांच्या दोरीसारख्या कंडरा. कोपराच्या बाहेरच्या अंगाला, हाडाच्या थोडं खाली त्यांनी अंगठा रोवला आणि मनगट हळूहळू वर-खाली करायला सांगितलं. कळ थेट मधल्या बोटाच्या पाठीवर! वर घरी करायला ताणाचे व्यायाम, ते चुकवले की पुढच्या वेळी त्यांना हाताला कळतंच.

आराम कुठला जास्त टिकतो? मोजमाप काही केलेलं नाही, पण तेलाचा दुसऱ्या संध्याकाळपर्यंत ओसरतो, फिजिओचा त्याहून लांबतो. तो मसाजचा की व्यायामाचा, देव जाणे.

माझा निकाल मात्र वेगळ्याच गोष्टीवर लागला: तेल. निघताना सांगतात, लगेच धुऊ नका, मुरू द्या. मुरू देतो, पण तोवर त्या हातानं करायचं काय? फोन बोटाचा ठसा ओळखत नाही, रिक्षावाला ताटकळतो. टिश्यूनं खसाखसा पुसून कामाला बसलं तरी थोड्या वेळात कीबोर्डच्या कळा चमकायला लागतात. आणि प्रूफ, म्हणजे तपासायला काढलेली छापील पानं! तेलकट अंगठा टेकला की कागद तिथे आरपार होतो. एकदा खालच्या पानावरची वेलांटी वरच्या पानावरच्या शब्दाला लागल्यासारखी दिसली आणि मुद्रितशोधकानं इमानेइतबारे तिच्यावर लाल खूण केली. फाइलमध्ये वेलांटी नव्हतीच. तेव्हापासून तेल फक्त रविवारी, आणि रविवारी निम्मी केंद्रं बंद. दुखणं तर सोमवार ते शनिवारचं. फिजिओ चिमूटभर पावडरवर भागवतात. जेवणाच्या सुट्टीत जाऊन येतो, आल्या आल्या पान लावायला बसतो. जाणं होतं म्हणून गुण येतो, असंही असेल.

मसाज गनचं विचाराल तर, उजव्या हातावर चालवायची म्हणजे ती थरथरती गन डाव्या हातात घट्ट धरायची. तोही दुखराच. असो.

अंगठ्यापासून निम्म्या अनामिकेपर्यंत मुंग्या येत असतील, त्यानं रात्री जाग येत असेल, हातातला कप निसटत असेल, तर यातलं काहीच आधी नको, डॉक्टरांना दाखवा. ती मनगटात दबलेली नस असू शकते. मधुमेह, थायरॉइड किंवा गरोदरपण असेल तर तिची शक्यता जास्त.

निवृत्त असाल, किंवा मसाजनंतर हाताला काम नसेल, तर तेल खुशाल घ्या, मजा आहे. बाकीच्यांनी फिजिओकडे फोन करताना एवढं विचारावं: हातानं मसाज करता का, की नुसती मशीन लावता? पुष्कळ ठिकाणी मशीन लावून पडदा ओढून घेतात.