बेळगावातील एका खासगी प्रयोगशाळेची गाठ-तपासणी सेवा : अभिप्राय

लहान मुलाच्या मानेत गाठ आली की खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात प्रथम क्षयाचा संशय घेतला जातो, आणि तो गैर नाही. मात्र औषधे घेऊनही गाठ वाढत राहिली, तर पुढची तपासणी कोण व कशी करते यावर बरेच अवलंबून असते. माझ्या सहा वर्षांच्या भाच्याची गाठ ज्या प्रयोगशाळेत तपासली गेली, तिच्याविषयी हे लिहीत आहे.

केवळ सुईने घेतलेल्या नमुन्यावर निदान देण्यास त्यांनी नकार दिला आणि पूर्ण गाठ काढून पाठवण्याचा आग्रह धरला. तेव्हा तो आम्हाला जाचक वाटला, परंतु त्यामागे सबळ कारण होते. हॉजकिन लिम्फोमात, म्हणजे लसिकाग्रंथींच्या एका कर्करोगात, रीड-स्टर्नबर्ग या कर्कपेशी शंभरात जेमतेम एखादी असते. बाकी गाठ लिम्फोसाइट, इओसिनोफिल, मॅक्रोफेज अशा शरीराच्याच संरक्षक पेशींनी भरलेली असते. त्या एवढ्या जमूनही निष्प्रभ ठरतात, कारण कर्कपेशी पृष्ठभागावर पीडी-एल१ हे प्रथिन वाढवून हल्ला करणाऱ्या टी-पेशींना (लिम्फोसाइटचा एक प्रकार) थोपवतात. या आजारात प्रतिकारशक्ती इतकी मंदावू शकते की क्षयासाठीची त्वचाचाचणी क्षय असूनही नकारात्मक येते, हेही तेथील डॉक्टरांनी न कंटाळता मराठीत समजावले. हा आजार क्षयाहून वेगळा असल्याचे अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ डोरोथी रीड यांनी 1902 मध्येच मांडले होते. आपल्याकडे घोळ अजून चालू आहे.

भाच्याच्या अहवालात कर्कपेशी ओळखण्यासाठी तपासली जाणारी प्रथिने, म्हणजे सीडी३० व सीडी१५ सकारात्मक, सीडी२० नकारात्मक, आणि हॉजकिन लिम्फोमाचा मिश्रपेशीय प्रकार असे स्पष्ट लिहिले होते. दहा वर्षांखालील मुलांमध्ये, त्यातही मुलग्यांमध्ये, हा प्रकार किशोरवयीनांपेक्षा अधिक दिसतो, आणि भारतातील लहान रुग्णांच्या कर्कपेशींत एपस्टाइन-बार विषाणू बहुतेक वेळा सापडतो.

तक्रार या विषाणूच्या चाचणीची आहे. ती तपासणी तेथे होत नसून नमुना बाहेरगावी जातो, हे पैसे भरल्यानंतर कळले. लेखी अहवालही केवळ इंग्रजीत मिळाला. दुसऱ्या मतासाठी मिरजेला नेण्याकरिता ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) व स्लाइड (त्याचे काचेवरील पातळ काप) मात्र मागताच, नोंद करून, विनाशुल्क दिल्या. ज्यांना तपासणी करून घ्यायची असेल त्यांनी कोणती चाचणी कोठे होणार व तिचा खर्च किती, हे नमुना देतानाच लिहून घ्यावे.