‘स्लमडॉग मिलियनेअर’ : प्रत्येक उत्तराची किंमत मोजलेला मुलगा

रस्त्यावरच्या मुलांचा सिनेमा म्हटला की मी त्यातली शाळा शोधते. मुंबई महापालिकेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे नजर तिथेच जाते. डॅनी बॉयलच्या ‘स्लमडॉग मिलियनेअर’मध्ये (२००८) शाळा अगदी थोडा वेळ दिसते. जमाल आणि सलीम हे भाऊ धावतपळत उशिरा वर्गात शिरतात, गुरुजी ‘थ्री मस्केटियर्स’ या तीन शिलेदारांच्या कादंबरीचं पुस्तक जमालच्या डोक्यात हाणतात आणि त्याच पुस्तकातली अ‍ॅथॉस-पोर्थॉस ही नावं दोघांना चिकटवतात. मग दंगल होते. आई डोळ्यांदेखत मारली जाते आणि शाळा तिथेच सुटते. तिसऱ्या मस्केटियरचं नाव शिकायचं राहून जातं. पुढे दोन कोटींचा शेवटचा प्रश्न नेमका तोच येतो. वर्गातला एवढासा प्रसंग इतका चोख कामाला लावलेला मी क्वचितच पाहिलाय.

कॉल सेंटरमध्ये चहा पोचवणारा जमाल टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत एकेक उत्तर बरोबर देत जातो. पोलीस म्हणतात, हा चोर. मार खाल्ल्यावर तो इन्स्पेक्टरला, म्हणजे इरफान खानला, कुठलं उत्तर कुठे कळलं ते सांगतो. रामाच्या उजव्या हातात काय असतं, हे त्याला दंगलीच्या दिवशी दिसलेल्या, निळ्या रंगात रामाचं सोंग घेऊन उभ्या असलेल्या लहान मुलामुळे ठाऊक आहे. शंभर डॉलरच्या नोटेवर कोण आहे ते त्याला अरविंद सांगतो. हा अरविंद त्याच्याबरोबर, पोरांना भीक मागायला लावणाऱ्या मामनच्या तावडीत होता. आंधळा भिकारी गायला लागला की दुप्पट पैसे मिळतात, म्हणून मामननं त्याचे डोळे घालवले. भुयारी मार्गात बसलेला तो पोरगा नोटेवरच्या माणसाचं नुसतं वर्णन ऐकून ‘बेंजामिन’ म्हणतो, तेव्हा प्रत्येक वेळी माझा जीव कळवळतो.

सर्वाधिक प्रथम श्रेणी शतकं कुठल्या क्रिकेटपटूची, हा जॅक हॉब्जचा प्रश्न तर मला या सिनेमाचं हृदय वाटतो. अनिल कपूरचा सूत्रसंचालक स्वच्छतागृहातल्या आरशावर ‘बी’ हे चुकीचं उत्तर लिहून ठेवतो. जमाल ‘डी’ म्हणतो. त्याला क्रिकेटचा इतिहास माहीत नाही. गोड बोलून जवळ घेणारा मोठा माणूस पुढे काय करतो, एवढं मात्र तो मामनकडे शिकलाय. आमच्या वर्गातही अशी मुलं असतात. नऊचा पाढा अडतो, पण माणूस बरोबर वाचतात.

एक चूक मात्र सांगायलाच हवी. ‘दर्शन दो घनश्याम’ हे पद सिनेमा सूरदासांच्या नावावर टाकतो. ते १९५७ च्या ‘नरसी भगत’ या चित्रपटातलं गीत आहे आणि ते गोपालसिंह नेपाली यांनी लिहिलंय. ज्या सिनेमात एका उत्तरावर लाखो रुपये ठरतात, तिथे ही तपासणी व्हायला हवी होती.

मुलांचा भाग अप्रतिम आहे. अँथनी डॉड मँटलनं छोटे डिजिटल कॅमेरे घेऊन गल्लीबोळातून पोरांच्या उंचीवर धाव घेतलीय. त्याला ऑस्कर मिळालं. सिनेमाला मिळालेल्या आठांपैकी ते एक. रेसुल पुकुट्टीच्या चमूचं ध्वनिमुद्रण आणि रहमानचं संगीत यांनाही मिळालं. लहान मुलं हिंदीतच बोलतात, आणि तेही खरं, रस्त्यावरचं हिंदी. पण रेल्वेच्या टपावरून पडून ती ताजमहालापाशी उठतात तेव्हा थोडी मोठी झालेली असतात आणि एकाएकी इंग्रजी बोलू लागतात. तिथून सिनेमाची माझ्यावरची पकड सुटते. मोठा जमाल झालेला देव पटेल मनापासून काम करतो, तरी जुहूच्या झोपडपट्टीत वाढलेला पोरगा असा बोलेल हे पटत नाही.

आता प्रेमाबद्दल. दंगलीनंतरच्या रात्री दोघे भाऊ आडोशाला झोपलेत आणि लतिका नावाची एक मुलगी बाहेर पावसात उभी आहे. सलीम नको म्हणतो. त्याला झोप लागल्यावर जमाल तिला आत बोलावतो आणि तिलाच तिसरा मस्केटियर ठरवतो. सगळी प्रेमकहाणी इथेच घडून गेलीय, आणि काय सुंदर घडलीय! पुढे मोठी झालेली लतिका कधी मामनकडे, कधी पिला हाऊसच्या वेश्यावस्तीत, कधी गुंड जावेदच्या घरात अडकते आणि दर वेळी कुणीतरी तिला सोडवायला येतं. जमालनं जे भोगलं त्याची उत्तरं झाली. तिनं त्याहून जास्त भोगलं, पण तिला काय कळलं हे कुणी विचारत नाही. शेवटच्या प्रश्नाला फोन तिच्याकडे लागतो, तेव्हा तिलाही उत्तर माहीत नसतं. जमाल अंदाजानं ‘ए’ म्हणतो आणि जिंकतो. ‘हे लिहिलेलंच होतं’, असं पडदा सांगतो. मला हे मान्य नाही. बाकीच्या उत्तरांपायी पोरानं काय काय गमावलं हे आपण दोन तास पाहिलंय. ते नशिबाच्या खात्यात टाकणं अन्याय आहे.

लहान सलीम आणि लहान लतिका झालेली मुलं वांद्र्याच्या गरीब नगरातली. फेब्रुवारी २००९ मध्ये ती ऑस्कर सोहळ्याला गेली आणि मे महिन्यात त्यांच्या झोपड्या पाडल्या गेल्या. सिनेमावाल्यांनी ‘जय हो’ नावाचा न्यास काढून त्यांच्या शाळेची आणि घराची सोय हाती घेतली. वर येण्यासाठी लागतं ते हे: पक्कं छप्पर आणि न सुटणारी शाळा.

तरीही सिनेमा बघाच. मूळ आवृत्ती बघा, हिंदीत डब केलेली नको. भाषेची ती उडी खटकली तरी कलाकारांचे खरे आवाज मूळ आवृत्तीतच आहेत. घरात लहान मुलं असतील तर मामनचा भाग सुरू व्हायच्या आत त्यांना उठवा. आठवी-नववीची असतील तर मात्र शेजारी बसवा आणि संपल्यावर लतिकेबद्दल त्यांना काय वाटलं ते जरूर विचारा. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, आणि त्यातले तीन पहिल्या तासाचे.