पाण्याखाली फोटो काढताना रॉ की जेपेग?
पाच-सहा मीटर खाली गेलं की लाल रंग जवळपास विझतो; लालभडक मासाही मळकट राखाडी दिसतो. जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून, दाबून लहान केलेली फाइल; तीत कॅमेऱ्याने ठरवलेला व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) फोटोत मुरूनच येतो. प्रत्येक रंगाच्या पायऱ्या फक्त २५६, त्यामुळे नंतर लाल ओढायला गेलात की निळ्या पाण्यात पट्टे उमटतात. रॉ म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद; १४ बिट रॉमध्ये याच पायऱ्या १६,३८४, आणि व्हाइट बॅलन्स वर आल्यावर निवांत ठरवा. अर्थात, जो लाल सेन्सरपर्यंत पोचलाच नाही तो रॉही आणून देत नाही; तिथे स्ट्रोबच (पाण्याखालचा फ्लॅश) हवा.

स्ट्रोब मारून जवळून टिपलेल्या मॅक्रोला जेपेग बऱ्यापैकी पुरतं, फाइलही आटोपशीर. नैसर्गिक उजेडातल्या वाइड (रुंद दृश्याच्या) फोटोंना मात्र मी रॉच लावेन. फक्त रॉ फाइली मोठ्या असतात, म्हणून मेमरी कार्ड मोठं घ्या; पाण्यात हाउसिंग (कॅमेऱ्याचं जलरोधक कवच) उघडता येत नाही.